वयात येणाऱ्या मुलांशी कधी आणि कसं बोलायचं: कोकणातल्या आईबाबांसाठी

देवगडच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये मी शिकवते. दरवर्षी जूनमध्ये आसपासच्या वाड्यांतल्या जिल्हा परिषद शाळांतून सातवी झालेली मुलं आमच्याकडे आठवीत येतात. पालकांच्या पहिल्या सभेत निम्म्या आया एकच गोष्ट सांगतात, "बाई, कालपर्यंत सगळं घडाघडा सांगायची, आता विचारलं की म्हणते, 'काय नाय.'" त्यांच्याशी मी बोलते, पण तेव्हा दोन-तीन वर्षं निघून गेलेली असतात. हा बदल चौथी-पाचवीतच सुरू झालेला असतो.

दोन मुलं वाढवताना आणि शेकडो मुलं वर्गात बघताना मला पटलेली गोष्ट एवढीच आहे: बोलणं बदलाच्या आधी सुरू करायचं, थोडं थोडं करायचं आणि हातात काम असताना करायचं. ते घरात कसं जमवायचं, ते खाली लिहिते.

सुरुवात: दाराच्या चौकटीवर रेघ

मूल आठ वर्षांचं झालं की दर तीन महिन्यांनी त्याला चौकटीला टेकवून उभं करा, पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. लहानपणी वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर उंची वाढते. रेघांमधलं अंतर एकदम वाढायला लागलं, म्हणजे वर्षाला सात-आठ सेंटीमीटरच्या हिशेबाने, की समजायचं, गाडी सुटली, वयात येणं सुरू झालं. ही वाढ मुलींमध्ये मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येते. म्हणून सहावीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात आणि ठेंगणे मुलगे मनातून खट्टू असतात. मुलगा तसा असेल तर त्याला हे सांगा. त्याला वाटत असतं की आपण असेच राहणार.

मुलींमध्ये बदल ८ ते १३ या वयात कधीही सुरू होतो. पहिली खूण बहुधा छातीची. निप्पलखाली बोराएवढी गाठ लागते, बरेचदा आधी एकाच बाजूला, आणि दाबलं की दुखते. माझ्याकडे एक आई रडत आली होती, मुलीला काहीतरी भलतं झालंय म्हणून. भलतं काही नव्हतं. ही गाठ तुमच्यासाठी फार उपयोगाची आहे, कारण तिच्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. गाठ लागली त्या दिवसापासून तयारीला दोन वर्षं मिळाली असं धरा.

मुलग्यांमध्ये सुरुवात ९ ते १४ च्या दरम्यान होते आणि पहिली खूण, वृषणं मोठी होणं, कोणाला दिसत नाही. आवाज घोगरा होतो, मिसरूड फुटते, तोवर आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. म्हणून मुलग्याच्या बाबतीत खुणेची वाट बघू नका, दहावा वाढदिवस झाला की बोलायला लागा.

मुलीला आठच्या आधी किंवा मुलग्याला नऊच्या आधी बदल सुरू झाले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलीला तेरापर्यंत आणि मुलग्याला चौदापर्यंत कसलीच खूण नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी नाही, तरीही दाखवा. बरेचदा काही नसतं, पण विचारून घेतलेलं बरं.

रातांबे फोडताना

माझी मुलगी दहा वर्षांची होती. मे महिन्याची दुपार. मागच्या पडवीत आम्ही दोघी रातांबे फोडत बसलो होतो. बिया आणि गर पातेल्यात, सालं सुपात. दोघींची बोटं लालभडक झालेली. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, दुसऱ्या दिवशी परत बुडवायची, आमसुलं काळी पडेपर्यंत हेच चालतं. मान वर न करता तिने विचारलं, "आई, त्या दिवशी ताईच्या फ्रॉकला लागलेलं ते रक्त होतं ना?"

मीही मान वर केली नाही. म्हटलं, "हो. पाळी आलेली तिला."

तिने आणखी दोन रातांबे फोडले. "दुखतं?"

"कधी कधी, ओटीपोटात. गरम पाण्याची पिशवी ठेवली की बरं वाटतं."

"माका पण येतली?"

"येतली. अजून वर्ष-दोन वर्षं आहेत. आली की मला सांग. मी नसले तर आजीला, शाळेत असलीस तर बाईंना."

मग तिने विचारलं, उद्या सालं बुडवायची पाळी कोणाची. विषय संपला. आठ दिवसांनी, चिंच फोडताना, तिनेच परत काढला.

त्या दुपारी मी जे केलं ते जमून आलं होतं, ठरवून केलं नव्हतं. नंतर मात्र मुलाच्या वेळी ठरवून केलं. समोरासमोर बसवून "मला तुझ्याशी महत्त्वाचं बोलायचंय" म्हटलं की या वयाचं मूल आक्रसतं. शेजारी बसून, नजर कामावर ठेवून बोललं की सुटं होतं. कोळंबी सोलताना, तांदूळ निवडताना, काजूच्या बिया वाळत घालताना, मोटरसायकलवर मागे बसलेलं असताना, एसटीच्या थांब्यापर्यंत चालताना. आपल्याकडे हातांना कामाची कमतरता नाही.

विचारेल तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं, वर एखादं वाक्य घालायचं आणि थांबायचं. एका बैठकीत सगळं उरकायला जाऊ नका. प्रश्न अवघड किंवा विचित्र वाटला तर आधी शांतपणे विचारा, "तू काय ऐकलंस?" त्याने नेमकं काय आणि कुठून ऐकलंय ते कळतं, आणि आपल्यालाही सावरायला वेळ मिळतो. उत्तर येत नसेल तर "मला नीट माहीत नाही, विचारून सांगते" म्हणा आणि खरंच सांगा.

अवयवांची नावं मात्र सरळ घ्या. योनी, शिश्न, वृषण, स्तन. ज्या मुलाकडे शब्दच नाही ते डॉक्टरला दुखणं सांगू शकत नाही, आणि कोणी वाईट हात लावला तर तेही सांगू शकत नाही.

पाळी: दप्तरातला डबा, पाऊस आणि गणपती

गाठ लागून वर्ष झालं की मुलीच्या दप्तरात एक छोटा, घट्ट झाकणाचा डबा ठेवा. डबाच, कारण आपल्या पावसात दप्तर आतपर्यंत भिजतं आणि भिजलेलं पॅड कामाचं राहत नाही. त्यात दोन पॅड, एक निकर, जुन्या वर्तमानपत्राचे दोन तुकडे आणि एक प्लास्टिकची पिशवी. पॅड निकरला कसं चिकटवायचं ते घरी कोरडंच करून दाखवा, तिच्याकडून दोनदा करून घ्या. दर चार ते सहा तासांनी बदलायचं, रक्तस्राव कमी वाटला तरी. वापरलेलं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं. संडासात टाकलं तर टाकी तुंबते, वहाळात टाकलं तर पुराबरोबर दुसऱ्याच्या दारात जातं.

घरात कापड वापरत असाल तर ते उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवलं पाहिजे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ते होत नाही. अर्धवट ओलं कापड वापरलं की खाज सुटते, जंतुसंसर्ग होतो. निदान पावसाळ्यापुरतं पॅड घ्या.

पहिली दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, २१ ते ४५ दिवसांत कधीही. कॅलेंडरवर मुलीलाच खूण करू द्या. सात दिवसांपेक्षा जास्त दिवस जात असेल, दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल, तीन महिने उलटून गेले तरी आली नसेल किंवा दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर डॉक्टरांकडे जायचं. "बायकांचं दुखणं असंच" म्हणून सोडून देऊ नका.

आता गणपतीबद्दल. वर्षभर दोन-तीन माणसं असलेल्या घरात त्या दिवसांत वीस-पंचवीस माणसं असतात. मुंबईहून काका, आत्या, चुलत भावंडं. नेमकी तेव्हाच मुलीला पाळी आली की तिला मागच्या खोलीत बसवतात आणि तासाभरात सगळ्या घराला कळतं, आरतीला ही का नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला यात किती मेल्याहून मेल्यासारखं होतं, ते माझ्याकडे येऊन मुली सांगतात. आमच्या घरी मी हे बंद केलं. सासूबाईंना एक वर्ष रुचलं नाही, दुसऱ्या वर्षी त्यांनीच नातीला मोदकांच्या पाऱ्या करायला हाक मारली. सगळ्या घरांत एकदम होणार नाही, हे मला माहीत आहे. पण तुमच्या घरी पाळायचंच असेल तरी एवढं करा: काय करायचं ते चतुर्थीच्या आधी तिच्याशी ठरवा, चारचौघांत उच्चार करू नका, तिची गादी, अंघोळ, गरम जेवण, भावंडांशी पत्ते खेळणं यात काडीचा फरक पडू देऊ नका, आणि "विटाळ" हा शब्द तिच्यासाठी वापरू नका.

"शहाणी झाली" म्हणून कबड्डी, पोहणं, सायकल बंद करू नका. आणि घरातल्या मुलग्यालाही पाळी म्हणजे काय ते सांगा. वर्गात मुलीच्या स्कर्टला डाग दिसला की हसणारे मुलगे त्याच घरांतून येतात, जिथे हा विषय काढत नाहीत.

मुलगे, आणि मुंबईतले बाबा

मुलींशी आई कसंबसं बोलते. मुलग्याशी कोणीच बोलत नाही. आणि कोकणात कितीतरी घरांत बाबा मुंबईला असतात, वर्षातून गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आठ-दहा दिवस घरी येतात. मुलाला माहिती मिळते ती सड्यावर रेंज शोधत बसलेल्या मोठ्या मुलांकडून आणि एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या, भिंतींवर रंगवलेल्या "गुप्तरोगा"च्या जाहिरातींतून.

त्याला सांगायच्या गोष्टी थोड्या आहेत. झोपेत कधी कधी वीर्य बाहेर येतं आणि चड्डी ओली होते. याला "स्वप्नदोष" म्हणतात, पण त्यात दोष काही नाही, आजारही नाही. उठून चड्डी धुवायला टाकायची. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, डोकं कमी होत नाही. ती खासगी गोष्ट आहे, खासगीतच असावी, एवढंच. काही मुलग्यांच्या छातीत गाठ येते, जरा फुगवटा दिसतो. हेही हार्मोन्समुळे होतं आणि बहुतेकांचं एक-दोन वर्षांत आपोआप जातं. आमच्या शाळेत एक मुलगा यासाठी भर उन्हाळ्यात शर्टावर जाड जाकीट घालायचा. त्याला कोणी आधी सांगितलं असतं, तर त्याचं ते अख्खं वर्ष असं गेलं नसतं.

आई हे सांगू शकते. मी सांगितलं, आणि आभाळ कोसळलं नाही. पण बाबा सांगणार असतील तर अजून चांगलं. बाबांनो, फोनवर पहिला प्रश्न "अभ्यास झाला का?" असू देऊ नका. "आज एसटीत शेजारी कोण होतं?" असं काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर गुणांत देता येत नाही. रोज पाच मिनिटं, ठरलेल्या वेळी. आणि गणपतीला आलात की एक काम फक्त मुलाला घेऊन करा. माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या लाकडी चौकटीला, बांधायची कवंडाळं (रानफळं) आणि रानफुलं आणायला तुम्ही दोघांनीच जा. रानात दोन तास काट्याकुट्यातून चालताना जे बोलणं होतं ते घरच्या गर्दीत व्हायचं नाही.

बाबा नसतील, येणार नसतील, तर मामा, काका किंवा विश्वासाचा एखादा शेजारी शोधू नका घाईघाईने. आधी स्वतः बोला. दुसरा माणूस वर्षानुवर्षं ओळखीचा आणि मुलाला आपणहून आवडणारा असेल तरच.

खाणं, रक्त, झोप

हे पटकन सांगते. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्ताची कमतरता आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी देतात, ती लोह आणि फॉलिक ॲसिडची असते. ती जेवणानंतर घ्यायची. मळमळतं म्हणून मुलं खिडकीबाहेर टाकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. शौच काळसर होतं, घाबरायचं नाही. जेवणाला लागून चहा देऊ नका, लोह अंगी लागत नाही. ताटात लिंबाची फोड ठेवा. जंताची गोळी चुकवू नका. १० व्या आणि १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते, तीही बघा.

शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. भाकरी नको म्हणतील, तर आंबील द्या, लाडू द्या. बांगडा, तारली हे स्वस्त मासे या वयाला उत्तम.

झोपेचं घड्याळ या वयात खरोखर पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. तरी बारापर्यंतच्या मुलांना ९ ते १२ तास आणि पुढे ८ ते १० तास झोप लागते. सहाच्या एसटीसाठी पाचला उठणारं मूल रविवारी नऊपर्यंत झोपलं तर झोपू द्या.

राग, दार आपटणं

भावना उसळवणारा मेंदूचा भाग या वयात जोरात असतो आणि आवर घालणारा, कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. म्हणजे मधली दहा-बारा वर्षं आवर बाहेरून, तुमच्याकडून, उसना घ्यावा लागतो.

दार आपटलं की मागोमाग आत जाऊ नका. आवाज खाली आणा, "नंतर बोलू" म्हणा आणि खरंच अर्ध्या तासाने काहीतरी खायला घेऊन जा. उपदेश तेव्हाही नको. "काय झाला गो?" एवढंच, आणि गप्प बसा. ती गप्प राहिली तर शेजारी बसून राहा.

दुसऱ्यांसमोर रागावू नका, विशेषतः मुंबईहून आलेल्या पाहुण्यांसमोर. गुणांवरून तुलना नको. दहावीच्या निकालात कोकण विभाग २०१२ पासून सलग पहिला येतोय, त्याचा अभिमान मलाही आहे, पण त्या टक्क्यांचं ओझं आठवीतल्या मुलाच्या डोक्यावर आत्तापासून ठेवलेलं मी रोज बघते.

आणि तुमचा तोल गेला तर माफी मागा, नियम मात्र सोडू नका. "मघाशी मी जोरात ओरडले, चुकलं माझं. पण अंधार पडायच्या आत घरी यायचं, ते तसंच आहे." ही दोन वाक्यं एकत्र बोलता येतात.

मोबाइल आणि भरलेलं घर

व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम यांचा स्वतःचाच नियम १३ वर्षांचा आहे. त्याआधी खातं नको. फोन हातात द्याल त्या पहिल्याच दिवशी ठरवा: रात्री सगळ्यांचे फोन, तुमचाही, माजघरात चार्जिंगला. सहा महिन्यांनी हा नियम आणायला गेलात तर भांडण होईल.

एक गोष्ट आधीच, काही घडलेलं नसताना, सांगून ठेवा: "कोणी तुझा फोटो मागितला, कोणी धमकी दिली, तू चुकून काही पाठवलंस, तरी माझ्याकडे ये. मी ओरडणार नाही आणि फोनही काढून घेणार नाही." फोन जाईल या भीतीनेच मुलं आठवडेच्या आठवडे गप्प राहतात. तसं काही झालं तर चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, पैसे देऊ नका, सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे आणि तो मुलींसारखाच मुलग्यांनाही लागू आहे.

त्रास देणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो, हेही मनात ठेवा. शिमग्यात, गणपतीत घर भरलेलं असतं, मुलं ओटीवर, पडवीत कुठेही झोपतात. मुलं कुठे आणि कोणाशेजारी झोपणार ते तुम्ही ठरवा. कोणाच्या मांडीवर बसायचं नाही, कोणाला मिठी मारायची नाही असं मूल म्हणालं, तर पाहुण्यांसमोर त्याची बाजू घ्या.

मोकळीक पायरीपायरीने

बारा वर्षांच्या माझ्या मुलाला मित्रांबरोबर खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जायचं होतं. मी नाही म्हटलं नाही. म्हटलं, आधी सात दिवस भरती-ओहोटीची वेळ लिहून दाखव. रोज तो जेटीवर जायचा, परत येऊन वहीत लिहायचा. चौथ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाला, "आई, रोज पाऊण-एक तास पुढे जाता." आठव्या दिवशी त्याला विचारलं, उद्या पाणी कधी भरायला लागेल आणि तुम्ही कधी बाहेर निघाल. बरोबर सांगितलं, मग गेला. कोणाबरोबर आणि कुठे ते सांगून. पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही हे मात्र बोलण्यापलीकडचं. १ जून ते ३१ जुलै मोठे मच्छीमारसुद्धा होड्या वर ओढून ठेवतात.

असंच बाकीचंही. आधी एकट्याने बाजारातून मासळी आणणं, हिशेब देणं. मग एकट्याने तालुक्याला जाऊन येणं. मग मित्राच्या वाडीत पालखीला रात्र काढणं. एक जमलं की पुढचं. चुकलं तर एक पायरी खाली, महिन्याभरासाठी, कायमची नाही.

कुठे जायचं

चिडचिड, उदासी येते-जाते. पण दोन आठवड्यांहून जास्त मूल गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, मित्र सोडले असतील, अंगावर कापल्याच्या खुणा असतील, "मी नसलेलंच बरं" असं काही बोललं असेल, किंवा तोंडाला तंबाखू-माव्याचा वास येत असेल, तर थांबू नका. मरणाबद्दल सरळ विचारा: "तुला मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८. दोन्ही नंबर कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि मुलांना दाखवून ठेवा.

सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी "मैत्री" नावाचं क्लिनिक असतं. तुमच्या जवळ ते कुठे आणि कोणत्या दिवशी असतं, ते आशाताईंना विचारा. तिथे गेलात की मुलाला आत एकट्याला जाऊ द्या आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.